पावसाळ्यात गिटार कशी सांभाळता?

मी मालवणचा. स्वतःची गाणी गातो. चाली अर्ध्या गावच्या, अर्ध्या अमेरिकन कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांच्या, ढंगाच्या. जुलैत चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, सगळं एसटीने. दमट हवेत तारा वर उचलतात, बोटं सोलवटतात. उपाय?

देवगडकर: लाकूड ओल शोषून फुगतं, गिटारचं पोट वर येतं, म्हणून तारा उचलतात. गिटारच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाक; आर्द्रता ४५ ते ५५ टक्के बरी. वाजवून झालं की तारा पुसायच्याच, खारा वारा त्यांना गंजवतो. एसटीत गिटार मांडीवर घे.

वेंगुर्लेकर: जुलैत कार्यक्रम कोणी ठेवल्यान रे? गणपतीक ये, माणसां असतत. फक्त डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या, रात्री नको, तुका कोण ऐकतलो!

मालवणचा: गाण्याच्या मध्येच थांबून लोकांशी बोलायचं मी डबलबारीच्या बुवांकडूनच उचललंय. पुड्या आजच आणतो.