दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मुकाट मार खाणे?

येशूच्या ‘वैऱ्यावर प्रेम करा’ या शिकवणीचा अर्थ काहीजण असा लावतात की अन्याय गिळून बसा. मला पटत नाही. गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूला प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा तो गप्प बसला नाही. ‘मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर का मारतोस?’ असं त्याने विचारलं (योहान १८:२३). उलट मारलं मात्र नाही. आणि वैऱ्यावर प्रेम करायची ही शिकवण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात अचानक उगवलेली नाही. वैऱ्याचा बैल किंवा गाढव मोकाट दिसलं तर त्याच्याकडे परत पोचवा, हे जुन्या करारातच, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातच आहे (निर्गम २३:४).

बैलाचं वाचलं की मला मालवणकडचं आमचं घर आठवतं. शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) दोन हात आमच्या बागेत सरकवला. बाबांनी मोजणीचा अर्ज टाकला, तारखा सुरू झाल्या. आणि आजी रोज संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना शेवटी एक ‘आमच्या बापा’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना त्या शेजाऱ्याच्या नावाने म्हणायची, तेही नाव मोठ्याने घेऊन! आम्ही पोरं हसायचो, बाबा वैतागायचे. पण ज्याचं नाव रोज प्रार्थनेत येतं त्याला जेवताना शिव्या घालणं जड जातं, हे बाबांनीच नंतर कबूल केलं. शेजारी काही सुधारला नाही, गडगा मोजणी झाल्यावरच हलला. पण पावसात त्याची गाय आमच्या माडांत शिरली की दावं धरून नेऊन पोचवायचे ते बाबाच.