एनबीए बास्केटबॉल, उन्हाळा २०२५. गोल्डन स्टेट वॉरियर्स: कुमिंगाला ठेवायचं की मोकळं करायचं?

डावाकोपरा
प्लेऑफमध्ये मिनेसोटाने ४-१ ने घरी पाठवलं, त्याचं दुःख अजून ओसरलेलं नाही. पहिल्या सामन्यात १३ मिनिटांत १३ गुण करून करी डाव्या मांडीमागे हात लावत बाहेर गेला आणि मालिका तिथेच संपली. तो सामना आपण जिंकलो, पुढचे चारही हरलो. बटलर आल्यापासून संघ २३ विजय, ८ पराभव असा धावत होता, म्हणून जास्त जिव्हारी लागलं.

आता आपला तरुण फॉरवर्ड कुमिंगा रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतोय, म्हणजे करार संपला तरी दुसऱ्या संघाने दिलेला करार तसाच देऊन आपण त्याला ठेवू शकतो. माझं मत स्पष्ट आहे: त्याला साइन-अँड-ट्रेडने (नवा करार करून लगेच दुसऱ्या संघाशी अदलाबदल) पाठवा आणि बाहेरून शूट करणारा उंच सेंटर आणा. करी ३७ चा, बटलर आणि ड्रेमंड ३५ चे. तिघांचेही करार २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत. आपल्या हातात दोनच मोसम आहेत, आणि त्यात कुणाला घडवत बसायला वेळ नाही.

रिबाउंड
अजिबात पटलं नाही. करी नसताना तिसऱ्या सामन्यात ३० गुण कुणी केले? ज्याला मेम्फिसविरुद्धच्या प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या पात्रता सामन्यात) कोर्टवर पाऊलही टाकू दिलं नव्हतं, त्या कुमिंगानेच. २२ वर्षांचा पोरगा आठवडाभर बाकावर बसतो आणि गरज पडताच उठून मिनेसोटाच्या उंच गोबेअरच्या अंगावर धावून जातो. संघात बाकी कुणाकडे आहे ती उडी? आधी नीट मिनिटं द्या, मग न्याय करा.

डावाकोपरा
@रिबाउंड, त्याच्या गुणांबद्दल वादच नाही. पण बटलर, ड्रेमंड आणि कुमिंगा एकत्र उतरवून बघा. तिघांनाही डिफेंडर खुशाल मोकळं सोडतात. मग करीवर दोघं धावून येतात आणि पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखाली, गर्दी होते. कुमिंगाचे तीन पॉइंटर या मोसमात जेमतेम तीस टक्के पडले. दोष एकट्याचा नाही, पण जोडी जमत नाही हे उघड आहे.

जुना_ओकलंडकर
दोघांचंही वाचलं. मूळ दुखणं जुनं आहे. आपण पाच वर्षं दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहिलो. २०२० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर वाइजमन घेतला, लामेलो बॉल तिसऱ्यावर गेला. २०२१ ला सातव्यावर कुमिंगा, आठव्यावर फ्रांझ वॅगनर. करीची उमेदीची वर्षं उरलेली असताना कच्ची पोरं गोळा केली, आणि त्यांना खेळवायचं म्हटलं की सामने हरायची भीती. ना पोरं पिकली, ना करीला साथ मिळाली.

रिबाउंड
@जुना_ओकलंडकर, २०२२ चं विजेतेपद विसरलात का? त्या संघात पूल होता, लूनी होता, बाहेरून आणलेला विगिन्स होता. तरुण आणि अनुभवी एकत्र नांदले म्हणूनच अंतिम फेरीत बॉस्टनला ४-२ ने हरवलं.

जुना_ओकलंडकर
विसरेन कसा! त्याच वर्षी मेम्फिसविरुद्ध लूनीने एका सामन्यात २२ रिबाउंड काढले, ती रात्र मी जागून काढली. पण बघा, लूनी आणि पूल प्रशिक्षक स्टीव्ह करच्या पद्धतीत मुरले होते. वाइजमनला सलग खेळायलाच मिळालं नाही, २०२३ मध्ये सोडावाच लागला. कुमिंगाचंही तेच होतंय, म्हणून जीव तुटतो.

कॅपचा_हिशोब
भावना बाजूला ठेवून आकडे बघू. करी, बटलर आणि ड्रेमंड मिळून पुढच्या मोसमात सुमारे १४ कोटी डॉलर. पगारांना मर्यादा आहे, त्यात उरलेल्या जागेत अख्खा बेंच (राखीव खेळाडू) बसवायचा आहे. त्यातून दुसऱ्या एप्रनच्या (संघाच्या एकूण पगारावरची लीगची सर्वांत वरची रेषा) वर गेलो तर दोन पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड-लेव्हलही (मर्यादेबाहेर खेळाडू घ्यायची सवलत) हातची जाते.

साइन-अँड-ट्रेड वाटतं तितकं सोपं नाही. कुमिंगाला समजा वर्षाला २.४ कोटींचा करार दिला, तर त्याच्या आधीच्या कमी पगारामुळे ट्रेडच्या हिशोबात आपल्या बाजूने निम्मेच, म्हणजे १.२ कोटी धरले जातात. घेणाऱ्या संघाच्या खात्यात मात्र पूर्ण २.४ कोटी चढतात आणि तो संघ त्याखालच्या पहिल्या एप्रनवर अडकतो, त्यापलीकडे खर्च करू शकत नाही. ब्रुकलिन सोडलं तर कुणाकडे पगारमर्यादेत मोठी जागाही नाही. डावाकोपरा म्हणतात तसा सेंटर या रस्त्याने मिळणं कठीण. मी तर म्हणेन, छोट्या करारावर ठेवा आणि फेब्रुवारीत, ट्रेडची मुदत संपण्याआधी, तोच पगार ट्रेडला वापरा.

डावाकोपरा
हा निम्म्याचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता, धन्यवाद. तरी फेब्रुवारीपर्यंत पन्नासेक सामने होऊन जातात. मिनेसोटाच्या आधीच्या फेरीत ह्युस्टनने शेनगुन आणि ॲडम्स हे दोन दांडगे सेंटर एकत्र उतरवले तेव्हा रिबाउंडमध्ये आपलं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ३-१ ची आघाडी असून सातव्या सामन्यापर्यंत फरफटत गेलो, आणि तिथे हील्डने ११ पैकी ९ तीन पॉइंटर टाकले म्हणून वाचलो. अशी रात्र दर मालिकेत येत नाही. सेंटर ऑक्टोबरमध्येच हवा, ट्रेडने नाही तर किमान पगारावर एखादा अनुभवी तरी.

रिबाउंड
अनुभवी सेंटर आणा, माझी ना नाही. आपला सेंटर क्विंटन पोस्ट बाहेरून शूट करतो, त्याच्या जोडीला एक दांडगा गडी पुरेल. पण त्यासाठी कुमिंगाला देऊन टाकू नका. यंदाच्या ड्राफ्टमधली आपली पहिल्या फेरीची निवड बटलरच्या सौद्यात मायामीला गेली. नवीन पोरगा येणार कुठून? करीने ८२ सामने ३५ मिनिटं ओढत बसावं असं मला वाटत नाही. जानेवारीतल्या लागोपाठच्या सामन्यांत त्याचे पाय वाचवायचे तर धावणारा कुणीतरी लागेलच.

जुना_ओकलंडकर
हे मात्र पटलं. करीचे पाय वाचले पाहिजेत. मग कुमिंगाला ठेवायचाच असेल तर रोजची २५ मिनिटं ठरवून द्या आणि चार सामने वाईट गेले तरी बाकावर बसवू नका. तेवढी तयारी नसेल, तर जुलैतच सोडा.