मदत हवी आहे: जपानी पाकिटावरची बारीक अक्षरं फोटोवरून मराठीत कशी वाचावीत?

मुक्काम_तोक्यो:

नमस्कार मंडळी. आम्ही तोक्योत निशि-कासाईला राहतो. सध्या आई आलीय, तीन महिन्यांसाठी. ती माळकरी, त्यामुळे मांस-मच्छी तर सोडाच, अंडंही चालत नाही. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. घराखालीच सुपरमार्केट आहे आणि स्वतः जाऊन सामान आणायला तिला मनापासून आवडतं. दर वेळी तिने आमची वाट बघत बसावं हे मला पटत नाही. म्हणून कॅमेरा धरला की मजकूर मराठीत दाखवणारं एक ॲप तिच्या फोनमध्ये टाकून दिलं.

परवा ती करी रूचं पाकीट घेऊन आली (रश्श्यात टाकायच्या वड्या असतात त्या). वर चित्र बटाटा, गाजर, कांद्याचं. मागे घटकांच्या यादीत ॲपने दाखवलं, ‘मिश्र तेल’. मी मूळ वाचलं तर गाय आणि डुकराच्या चरबीचं मिश्रण! रकाना अरुंद असल्यामुळे ‘ग्यूशी-तोनशी’ हा चरबीचा भाग एका ओळीच्या शेवटी, पाकिटाच्या घडीवर आलेला, आणि ‘मिश्र तेल’ खालच्या ओळीवर. वरचं वाचता आलं नाही ते ॲपने गाळलं, खालचं तेवढं ठळक मराठीत चिकटवलं. पाकीट अजून फोडलं नव्हतं, हे नशीब.

जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे ओळ शब्दाच्या मधेच तुटते. अक्षरं नियमाने 8 पॉइंटची, आणि छोट्या पाकिटांना 5.5 पॉइंटपर्यंत सूट. त्यात प्लॅस्टिकवर दिव्याची चमक. यंत्राला हे जड जाणारच. पण जे वाचता आलं नाही, तिथे तसं दिसायला तरी हवं ना? मूळ अक्षरं झाकून वर नीटनेटकं मराठी आलं की आईसारख्या माणसाने शंका कशी घ्यायची?

मराठीचंही तसंच. शॉर्टनिंगचं (पदार्थात घालायची घट्ट चरबी किंवा तेल) ‘लहान करणे’ होतं, सूप स्टॉकचा ‘साठा’ होतो. मजकूर मधे इंग्रजीतून फिरून येतोय हे उघड आहे. थेट इंग्रजी करून घेतलं तर बरंच बरं येतं, पण आईला मराठी आणि थोडं हिंदी एवढंच वाचता येतं.

कोणाचे आई-वडील असं काही रोज वापरतात का? न वाचलेला भाग दिसेल अशी काही सोय आहे का? थोडी किचकट असली तरी चालेल, पण भरवशाची हवी. तिच्यासाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि म्हणून माझ्यासाठीही.

नागोयावासी:

ताई, दुकानात कॅमेरा नुसता रोखून वाचायचं बंद करा. हात हलला की वाचन बदलतं. पाकीट ताणून सपाट करायचं, चमक जाईपर्यंत तिरपं धरायचं आणि साधा फोटो काढायचा. घडीवरच्या मजकुराचा वेगळा फोटो. मग यादीचा चौकोन कापून गूगल लेन्समध्ये मजकूर निवडायचा, कॉपी करायचा, तुटलेल्या ओळी जोडायच्या आणि मगच भाषांतराला द्यायचा. वेळ जातो खरा, पण मूळ जपानी डोळ्यांसमोर राहतं.

लिपीकार:

याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. असं ॲप आधी चित्रात मजकूर कुठे आहे ते शोधतं, मग अक्षरं ओळखतं, मग भाषांतर करतं आणि शेवटी मूळ मजकूर पुसून त्या जागी नवा रंगवतं. पहिल्या दोन पायऱ्यांत अर्धी ओळ गळली तरी भाषांतराची पायरी हाती आलेल्या तुकड्याचं सफाईदार वाक्य करून देते. म्हणून मराठी कितीही छान वाटलं तरी त्यावर विसंबू नका, मूळ अक्षरं तपासा.

आईंना जपानी शिकवायची गरज नाही. गाय, डुक्कर, कोंबडी, मासा आणि अंडं यांची जपानी चिन्हं (कांजी) एका कार्डावर मोठी छापून द्या, त्या आकार जुळवून बघतील. सोबत कात्सुओ (दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकातलं पायाभूत सार, त्यातला मासा), रादो (डुकराची चरबी), झेराचिन आणि एकिसु (अर्क) हे काना (उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी) लिपीतले शब्द. कात्सुओ कधी चिन्हाने लिहितात, कधी काना लिपीत, म्हणून दोन्ही रूपं द्या.

आणखी एक. बरेच जण यादीखालची ॲलर्जीची ओळ बघून निर्धास्त होतात. तिथे अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड यांचा उल्लेख सक्तीचा आहे. गोमांस, डुक्कर, कोंबडी, जिलेटिन यांची फक्त शिफारस आहे, म्हणजे उत्पादकाच्या मर्जीवर. कात्सुओ तर त्या यादीतच नाही, आणि इथे दाशी कशात नसते? त्यामुळे घटकांची अख्खी यादी वाचण्याला पर्याय नाही.

मुक्काम_तोक्यो:

दोघांचेही मनापासून आभार. त्याच पाकिटाचा सपाट फोटो काढून ओळी जोडून बघितल्या, या वेळी चरबीचा उल्लेख स्वच्छ आला. कार्ड आज रात्रीच करते. पण कॉपी करणं, ओळी जोडणं हे आईला दुकानात उभ्या उभ्या जमायचं नाही. त्याला काही तोड?

नागोयावासी:

फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकू दे, हे सगळ्यात सोपं. मीटिंगमध्ये असाल तर चित्र घेणारा एखादा एआय चॅट वापरता येईल, पण सूचना आधीच लिहून ठेवा: पहिल्यांदा मूळ जपानी जसंच्या तसं उतरव, न वाचता आलेल्या जागी प्रश्नचिन्ह टाक, त्यानंतर मराठी दे. प्रश्नचिन्ह दिसलं की ती वस्तू आईंनी परत ठेवायची.

लिपीकार:

सूचना चांगली आहे, पण ही यंत्रंसुद्धा कधी कधी प्रश्नचिन्हाऐवजी अंदाजाने शब्द भरतात. त्यामुळे कार्ड सोडू नका. ताई, जी वस्तू एकदा नीट तपासून पक्की झाली तिच्या पाकिटाची पुढची आणि मागची बाजू आईंच्या फोनमध्ये साठवून ठेवा. कंपन्या घटक बदलतात, तेव्हा नवं पाकीट आलं की मागची बाजू जुन्या फोटोशी ताडून बघायची.