चयापचयात ‘पच’ कुठून आला?

कर्वेरोडवाली: मावशीच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू आहेत. तिने कुठेतरी वाचलं, ‘कोलेस्टेरॉलच्या चयापचयाचा कर्करोगाच्या वाढीशी संबंध आहे.’ तिने लावलेला अर्थ असा: तूप नीट पचत नाही, म्हणून गाठ वाढते. त्या दिवसापासून वरणभातावरची तुपाची धार बंद. चयापचय म्हणजे पचनच ना? शब्दातच ‘पच’ आहे.

गणेशखिंडीतला: तो ‘पच’ फसवा आहे. शब्द फोडा: चय + अपचय. धातू ‘चि’, म्हणजे गोळा करणे, रचणे. संचय, समुच्चय हे त्याचेच भाऊबंद. लहान रेणूंपासून मोठे रेणू रचणं हा चय, मोठे मोडणं हा अपचय. अन्न पोटात-आतड्यात फुटतं ते पचन. पुढे पेशीपेशीत जी उभारणी आणि मोडतोड चालते तो चयापचय. आणि अपचय म्हणजे अपचन नव्हे. तिथे ‘अ’ लागलाय, इथे ‘अप’.

मावशींच्या वाक्यात खरी गंमत ‘चय’ची आहे. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही, शरीरच ते दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांपासून रचतं. ही रचना उलगडल्याबद्दल ब्लॉख आणि लायनन यांना १९६४चं नोबेल मिळालं. भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीला नवी आवरणं लागतात, आवरणांना कोलेस्टेरॉल लागतं. म्हणून अनेक कर्करोगपेशी ते जास्त बनवतात, शिवाय रक्तातल्या एलडीएलमधून, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांमधून, ओढूनही घेतात.

जुनापेठकर: मग अपचयाचं काय? चरबी तरी जळते.

गणेशखिंडीतला: नेमकं बोट ठेवलंत. कोलेस्टेरॉल जळत नाही. त्याची चार कड्यांची चौकट माणसाच्या शरीराला मोडताच येत नाही. त्याची पित्ताम्लं होतात, संप्रेरकं (हार्मोन) होतात, उरलेलं पित्तातून बाहेर जातं. (नावही पित्तावरूनच पडलंय: ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त, ‘स्टेरेऑस’ म्हणजे घट्ट, पित्ताशयातल्या खड्यांत सापडलं म्हणून.) त्यामुळे इथे अपचय नावापुरता, खरा शब्द रूपांतर.

आणि रूपांतरातच मेख आहे. २७-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल हा त्याचाच एक अवतार. तो इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीत ते जिथे चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसतो आणि इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या स्तनाच्या गाठींना खतपाणी घालू शकतो. प्रोस्टेटच्या गाठीत कोलेस्टेरॉलपासून तिला पोसणारी पुरुषी संप्रेरकं बनू शकतात; ॲबिरॅटेरोन हे औषध ती वाट मध्येच अडवतं.

जुनापेठकर: आमच्या रोजच्या स्टॅटिनचा, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, यात काही उपयोग?

गणेशखिंडीतला: स्टॅटिन अडवतं ते कोलेस्टेरॉलच्या चयातलं सुरुवातीचं विकर (एन्झाइम). त्याच वाटेवर पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या रास नावाच्या प्रथिनाला लागणारी ‘शेपटी’ही तयार होते, म्हणून संशोधकांचं कुतूहल. पण कर्करोगावरचं प्रस्थापित औषध म्हणून स्टॅटिन देत नाहीत. ते हृदयासाठीच घ्या.

 

कर्वेरोडवाली: मावशीला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘म्हणजे तूप निर्दोष सुटलं!’

गणेशखिंडीतला: असं मी कुठे म्हटलं? तुपाचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मी फक्त ‘पच’ काढून दिला.