रिमोटवरच्या नायट्रो ट्रकचा स्पर गिअर पुन्हा का गेला?

प्रश्न (इंदूर): माझ्या १/८ आकाराच्या, नायट्रो इंधनावर चालणाऱ्या रिमोट ट्रकचा प्लास्टिकचा स्पर गिअर (इंजिन ज्याला फिरवतं ते मोठं दातेरी चाक) दोन महिन्यांत दुसऱ्यांदा गेला. डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची डबी) उघडून धुतलं, नवं सिलिकॉन तेल भरलं, तरी करकर आहेच. माझं काय राहिलं?

उत्तर: दादा, क्लच बेल, म्हणजे स्पर गिअरला फिरवणारी इंजिनावरची दातेरी वाटी, हलवून बघा. आतले दोन छोटे बेअरिंग, बहुतेक ५×१०×४ मिमी, उष्णतेने लवकर जातात. मग बेल डगमगते आणि स्पर गिअरचे दात खाते. इंदूरच्या सियागंज बाजारात मापाने विचारा. बसवताना दोन्ही गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिन आवळा. पट्टी न फाटता नागमोडी निघाली पाहिजे. घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल.

प्रश्नकर्ता: काका, एका बेअरिंगचा अक्षरशः भुगा निघाला!

दुसरं उत्तर: इंजिन माउंटच्या (इंजिनाच्या बैठकीच्या) स्क्रूंना थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद, लावलंत ना? स्क्रू ढिले झाले की मेश (दोन गिअरांच्या दातांची जुळणी) पुन्हा बिघडतो.