कासवाच्या पाठीवरून पापुद्रे निघतायत: कवच वाढतंय की सडतंय?

जुळे सोलापूर: लाल कानाचं पाण्यातलं कासव आहे, पाठीची लांबी 9 सेंमी. पंधरा दिवसांपासून पाठीवरून नखासारखे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटतायत आणि दोन ठिकाणी पांढरे डाग पडलेत. टाकी खिडकीत ठेवलीय, सकाळचं ऊन काचेतून येतं. पाणी बोअरचं. दुकानदाराच्या मते जुनं कवच गळून नवं मोठं येईल. खोबरेल चोळा असंही एकानं सांगितलं. लावू का?

होटगी रोड: खोबरेल अजिबात नको. तेलाच्या थराखाली घाण आणि जंतू धरून राहतात, शिवाय पाणी खराब होतं.

कवच गळून नवं येत नाही. ते त्याच्या बरगड्या आणि पाठीच्या कण्यापासूनच बनलेलं असतं. अंड्यात असतानाच बरगड्या छातीकडे न वळता पाठीच्या कातडीत आडव्या पसरतात आणि त्यांच्यामधली जागा हळूहळू हाडानं भरते. पिल्लाचं कवच थोडं लवचिक लागतं ते या भराईचं काम अर्धवट असल्यामुळे. हाडाच्या तुकड्यांची वाढ सांध्यांच्या कडेनं होते.

या हाडावर आपल्या नखासारख्या द्रव्याचे खवले असतात. तुमच्या कासवाच्या पाठीवर मोजून बघा: मधल्या ओळीत 5, तिच्या दोन्ही अंगांना 4-4, कडेनं 12-12 आणि मानेपाशी एक बारीक, असे 38. खवल्यांचे सांधे हाडांच्या सांध्यांवर येत नाहीत. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसंच हे, आणि मजबुतीचं कारणही तेच. हाड मोठं झालं की जुन्या खवल्याखाली थोडा मोठा नवा थर तयार होतो, मग वरचा सुटतो. तुम्हाला दिसतंय ते हेच. पापुद्रा ओढू नका, नवा थर तयार नसेल तर खाली जखम होते. कवचाला मज्जातंतू असतात, त्याला दुखतं.

जुळे सोलापूर: मग पांढरे डाग?

विजापूर रोड: डाग ओला करून बघा. ओला असताना दिसेनासा होऊन वाळल्यावर परत उमटत असेल तर बोअरच्या पाण्यातले क्षार असतील, किंवा सुटत आलेल्या खवल्याखाली हवा शिरली असेल. पण जागा नखानं दाबल्यावर मऊ लागली, वास आला, खाली लालसर किंवा ओलसर दिसलं, तर कवच सडतंय. मग त्याच दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

खरी काळजी मला खिडकीची वाटते. हाडाला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत बनवणारे अतिनील किरण काच जवळजवळ सगळे अडवते. काचेतून ऊब मिळते, हे किरण मिळत नाहीत. टबात घालून सकाळी अर्धा तास उघड्या उन्हात ठेवा, टबाचा निम्मा भाग सावलीत हवाच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. टबातलं थोडं पाणी बघता बघता तापतं आणि कासव मरतं. त्या दिवसांत आठच्या आत उरका. घरात अतिनील दिवा लावलात तर तो साधारण 25-30 सेंमी उंचीवर ठेवा आणि मध्ये काच येऊ देऊ नका. उजेड दिसत राहिला तरी ते किरण कमी होत जातात, म्हणून वर्षाच्या आत दिवा बदला.

पाण्याबाहेर एक फळी किंवा दगड असा ठेवा, की पोटाकडची बाजूही कोरडी होईल. सतत ओलं राहिलं तर जुने खवले सुटत नाहीत, थरावर थर साचतात आणि मध्ये शेवाळ धरतं.

होटगी रोड: खाण्याचंही बघा. नुसती सुकट किंवा चिकनचे तुकडे देत असाल तर थांबवा. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, मग शरीर कॅल्शियम स्वतःच्या हाडातून, म्हणजे कवचातूनच, काढतं. कडा वर वळतात, पोट दाबलं की दबतं. कासवाच्या डोक्याएवढ्या आकारात मावतील इतकेच कासवखाद्याचे दाणे रोज द्या, ते मोठं झालं की एक दिवसाआड. सोबत शेवग्याचा पाला. पालक नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकतं. समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात सोडा, कुरतडतं ते.

बाळे: जमिनीवरच्या कासवाचे खवले गळत नाहीत ना? त्याच्या कड्या मोजून वय कळतं म्हणतात.

विजापूर रोड: गळत नाहीत, थर साठत जातात, म्हणून कड्या दिसतात. पण एका पावसाळ्यात खाणं दोनदा वाढलं-घटलं तर दोन कड्या पडतात आणि म्हातारपणी झिजून जातात. वय त्यावरून ठरवू नका. अशा कासवांचे खवले कोरड्या हवेत उंचवटे होऊन वाढतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकन कासवांच्या पिल्लांवर प्रथिनांपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम जास्त आढळला. आपल्याकडचं तारा कासव मात्र घरी पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

आणि तुमचं लाल कानाचं, मादी असेल तर 25 सेंमीच्या पुढे जाईल. टाकी लहान पडली म्हणून सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला सोडू नका. ही अमेरिकेतली जात आहे, इथल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावते.