मदत हवी आहे: क्रिकेटच्या ग्रुपात मुली टिकत नाहीत

सोलापुरातल्या क्रिकेटवेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी ॲडमिन, 140 जणांत मुली फक्त 6, त्याही गप्प. परवा एकीने आपल्या जिल्ह्यातल्या क्रिकेटपटू किरण नवगिरेच्या 2022 मधल्या नाबाद 162 धावांबद्दल लिहिलं तर लगेच "आधी गुगली म्हणजे काय ते सांग" आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग, वर दोघांनी तिला पर्सनलवर मेसेज टाकले. रात्री ती लेफ्ट झाली, फार वाईट वाटलं.

नियम पिन केलेत, घाण मेसेज डिलीट करतो, एकाला काढलंही. फरक शून्य. मुलींचा वेगळा ग्रुप नकोय, मॅचची मजा एकत्रच. एखादीला ॲडमिन करावं तर सगळा ताप तिच्याच डोक्याला.

तुमच्या ग्रुपात नेमकं काय केल्यावर मुली बोलायला लागल्या? आणि गेलेल्या त्या मुलीला आता काय लिहू?